बाई ठेवा, आकडे काढा

आमच्या संस्थेत जिना चढून वर आलं की डाव्या हाताला भिंतीवर एक चौकट आहे. काचेच्या आत वर्तमानपत्राचं कात्रण. मोठा मथळा, संचालक साहेबांचा हार घातलेला फोटो, आणि खाली छापलंय की त्वचेच्या काळ्या कर्करोगाला रोखणारी अँटीबॉडी आपल्या शहरात सापडली. ती काच रोज सकाळी मी पुसते. माझं कामच आहे ते. तो शोध खरा नव्हता, हे साहेबांना माहीत आहे आणि मला माहीत आहे. तिसऱ्या ज्या बाईंना माहीत होतं, त्यांचं नाव त्या कात्रणात कुठंच नाही. काम मात्र सगळं त्यांचं होतं.

पाहुणे येतात, चौकटीसमोर थांबतात, वाचतात, "अरे वा" म्हणतात. माझ्या हातात फडकं असतं. मी सहावीतून शाळा सोडलेली. बापाच्या मेंढरांमागं जायला माणूस कमी पडलं म्हणून दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. माणदेशातून नवऱ्यामागं इकडं आले तेव्हा या शहराला औरंगाबाद म्हणायचे. नवरा शेंद्र्याकडं कंपन्यांच्या बांधकामावर. गावी जायचं म्हटलं तर दोन एसट्या बदलून अख्खा दिवस मोडतो. अशा माणसानं पाहुण्यांना काय सांगावं? पण लिहायला मला त्या तिसऱ्या बाईंनीच, शाहीन मॅडमनी, लावलं होतं, म्हणून लिहिते.

डॉक्टर शाहीन मॅडम गंगापूरच्या. वडिलांचं तिथं कापडाचं दुकान होतं. मराठी आमच्याहून ठसकेबाज बोलायच्या आणि संतापल्या की दखनीत शिरायच्या. उंची बेताची, चष्मा दोरीला बांधलेला, पायात कायम पुरुषी सँडल. "बाईच्या चपला आवाज करतात, पेशी दचकतात," असं म्हणायच्या, आणि ते खरं की चेष्टा हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मी काचसामान धुवायला लागले, तो पहिला दिवस. एक मोठी बाटली धुतली, पुसली, पुढं ठेवली. मॅडमनी ती उचलली, पाण्यानं भरली, ओतली आणि खिडकीसमोर धरली.

"काय दिसतंय?"

"सोच्छ हाय की."

"नीट बघ. आतल्या अंगाला थेंब लटकलेत का?"

"व्हय, दोन-तीन हायेत."

"मग नाय स्वच्छ. काच खरंच स्वच्छ असली ना, की पाणी थेंबाथेंबानं लटकत नाय. पदर खाली सोडावा तसं सपाट उतरतं. परत धू."

मी परत धुवायला घेतली आणि घाबरून ती हातातूनच सुटली. चक्काचूर. मी रडायलाच लागले. आता नोकरी गेली, नवऱ्याला काय सांगू, एवढंच डोक्यात. मॅडम वाकून काचा वेचायला लागल्या. "कायको डरती? काच है, जान नहीं. फुटलेली काच बरी असते सुमन, ती सांगते तरी मी फुटले म्हणून. न धुतलेली गप बसते अन् काम बिघडवते."

सात वेळा खळबळायचं, हा त्यांचा नियम. सहा नाही, आठ नाही. लांबून त्या मोजायच्या, "एक, दो, तीन," आणि मी पाचावर थांबले तर पाठमोऱ्या बसूनसुद्धा त्यांना कळायचं. क्रांती चौकात चहा प्यायला गेलो तरी तसंच. टपरीवाल्याच्या हातातला ग्लास घेऊन आधी उजेडाला धरायच्या. तो म्हणायचा, "मॅडम, च्या प्यायचाय का तपासायचाय?" त्या म्हणायच्या, "दोन्ही. आधी तपासायचाय."

त्यांच्या कामाचं मला आधी काहीच कळत नव्हतं. उबेच्या कपाटात चपट्या बाटल्या असायच्या, त्यांत कर्करोगाच्या पेशी वाढवलेल्या. मेलॅनोमाच्या, म्हणजे त्वचेच्या त्याच काळ्या कर्करोगाच्या. यंत्रात गरगर फिरवून काढल्या की नळीच्या तळाला तिळाएवढा काळा ठिपका बसायचा. मॅडम त्यांना 'आपल्या काळ्या' म्हणायच्या. ईदच्या दिवशीसुद्धा सकाळी आधी इथं यायच्या, काळ्यांचं खाणं बदलायच्या, मग मला डब्यातला शीरखुर्मा द्यायच्या आणि घरी जायच्या. म्हणायच्या, "यांना सण नाय, सुट्टी नाय. अन् कॅन्सर झालेल्यालाही नाय."

एकदा मी धीर करून विचारलं, "मॅडम, तुमी ह्यांच्यात नक्की काय हुडकताय?"

त्यांनी कपाट लावलं, स्टूल ओढलं. "तुमच्यात मेंढी पिलाला कशी पाजते?"

मी म्हटलं, "आपलंच पिलू वळखती. दुसऱ्याचं आलं तर लाथ घालती."

"बस्स. ही काळी पेशी मेंढी समज. आपल्या रक्तात एक हार्मोन असतं, कातडीला रंग चढवणारं. ते पिलू. ते येतं, पेशीच्या अंगावर आपली ठरलेली जागा शोधतं अन् तिथंच चिकटतं. त्यावर पेशी आणखी काळी होते, कधी वाढीला लागते. आता तिसरी गोष्ट. या पेशी सशाला टोचल्या की सशाचं रक्त त्यांच्याविरुद्ध हत्यार तयार करतं. त्याला अँटीबॉडी म्हणतात. ती पण पेशीच्या अंगावर येऊन बसते. तिला कुत्रं समज. कुत्रं मेंढीजवळ उभं राहिलं, तर पिलाला दूध मिळेल का? एवढंच मला बघायचंय."

मी म्हटलं, "ते कुत्रं कुठं हुबं ऱ्हातंय त्याच्यावर हाय. कासंपाशी ऱ्हायलं तर पिलू भुकं ऱ्हातंय. पर म्होरं तोंडापाशी ऱ्हायलं, तर मेंढी जाग्याला थबकती, अन् पिलू जास्तच पितंय."

मॅडमनी चष्मा काढला. "आणखी?"

"आणखी काय न्हाय. पर तुमी परकं कुत्रं बी हुबं करून बघा. मेंढी तुमच्याच कुत्र्याला बुजली का कुठल्याबी कुत्र्याला बुजती, ते कळाया नको?"

त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की शेजारच्या खोलीतून शिपाई काशिनाथमामा डोकावले. "मामा," मॅडम म्हणाल्या, "परदेशातून शिकून आलेल्यांना जे शिकवताना माझं तोंड दुखतं, ते ही बाई मेंढरांकडून शिकून आलीय." परकं कुत्रं म्हणजे साध्या सशाचं रक्तपाणी, ज्याला पेशी टोचलेल्याच नाहीत. ते त्या वापरतच होत्या. पण त्या दिवसापासून प्रयोगशाळेत त्याचं नाव 'परकं कुत्रं' पडलं. बाटलीवर त्यांनी तसं मराठीत लिहिलंसुद्धा.

तेव्हाच त्यांनी मला वही दिली. जे करशील ते लिही, अक्षर वाकडं आलं तरी चालेल, पण केलं नाही ते लिहू नको. मी लिहायला लागले.

मग ती दुष्काळाची वर्षं आली. एका पावसाळ्यात पाऊस रुसला तो दुसऱ्या पावसाळ्यातही फिरकला नाही. नळाला पाणी कितव्या दिवशी येईल याचा भरवसा नाही. गल्लीत टँकर शिरला की बाया हंडे घेऊन पळायच्या. आणि गंमत अशी की शहर त्याच वर्षांत सुसाट वाढत होतं. करमाडपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना प्लॉटचे फलक, त्या फलकांवर कारंज्यांची चित्रं. प्यायला घोटभर नाही अन् चित्रात कारंजी!

आमच्या कामाला डिस्टिल पाणी लागतं, म्हणजे वाफ करून गाळलेलं. ते यंत्र थंड ठेवायला नळाचं पाणी धो-धो वाहावं लागतं, तेव्हा कुठं बाटलीभर हाती येतं. संस्थेला टँकर यायचा. एका आठवड्यात आमच्या टाकीत पाणीच चढेना. मी काशिनाथमामांना विचारलं.

"टँकर आला व्हता की," मामा खाली मान घालून म्हणाले.

"मग पानी कुठं गेलं?"

"लॉनला. पुढच्या महिन्यात मोठे पाहुणे येणारेत. साहेब म्हणले, गवत हिरवं दिसाया पायजे."

मॅडम तशाच साहेबांकडं गेल्या आणि लालबुंद होऊन परत आल्या. "घास को पानी है, काम को नहीं. म्हणतात, काटकसर करा मॅडम, दुष्काळ आहे. मलाच सांगतात, दुष्काळ आहे!"

काटकसर करा. हा शब्द मी ऐकला आणि माझ्या डोक्यात बसला. माझी चूक तिथूनच सुरू झाली.

अँटीबॉडी नासू नये म्हणून तिच्यात चिमूटभर औषध टाकून ठेवतात. ते औषध पेशींना विष. म्हणून वापरायच्या आधी अँटीबॉडी एका पातळ पिशवीत भरायची, दोन्ही तोंडं बांधायची आणि मोठ्या भांड्यातल्या पाण्यात सोडायची. औषध पिशवीतून बाहेर झिरपतं, अँटीबॉडी आत राहते. दर दोन तासांनी पाणी फेकून नवं घ्यायचं, पाच वेळा. हे काम माझ्याकडं होतं. संध्याकाळी निघताना मॅडम विचारायच्या, "पाणी कितीदा बदललं?" मी म्हणायचे, "पाचदा." आणि वहीत पाच रेघा.

पाचदा बदललं हे खोटं नव्हतं. पण आमच्या माणदेशात निर्मळ पाणी फेकत नाहीत. तांदूळ धुतलेलं भांड्यांना, भांड्यांचं जनावरांना. इथं तर भांड्यातलं पाणी आरशासारखं! वास नाही, रंग नाही, गाळ नाही. ते मोरीत ओतताना माझा हातच धजेना. मी ते एका कॅनमध्ये साठवलं. दुसऱ्या वेळचंही साठवलं. आणि तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या वेळी तेच फिरवून घातलं. मला वाटलं, मॅडमचं पाणी वाचवलं. मनातल्या मनात मी खूशसुद्धा होते.

त्या महिन्यात प्रयोगाचे आकडे आले. काळ्या पेशींवर अँटीबॉडी घातली की हार्मोन जवळजवळ बसतच नव्हतं. परकं कुत्रं घातलं तर बसत होतं, पहिल्यासारखंच. साहेब धावत वर आले. तोवर ते आमच्या खोलीत आलेले मी पाहिले नव्हते. "मॅडम, अभिनंदन! रोखलं की तुम्ही!" पाहुणे यायला थोडेच दिवस होते. साहेबांनी वर्तमानपत्रवाल्यांना बोलावलंसुद्धा.

मॅडम हसल्या नाहीत. चार दिवस त्या कागदांकडं बघत बसल्या. "इतकं सरळ नसतं गं," मला म्हणाल्या. "कुत्रं कितीही दांडगं असलं तरी एखादं पिलू पायातून घुसतंच. इथं एकपण कसं घुसलं नाय?" मग एकदम विचारलं, "परक्या कुत्र्याची पिशवी आपण कधी धुतली होती?"

मी वही काढली. मागच्या वर्षीची तारीख होती. पाणी होतं तेव्हाची.

"अन् आपल्या कुत्र्याची?"

या महिन्यातली. मॅडमनी वही मिटली. "उद्या परकं कुत्रं ताजं घे. त्याच्यातही तेवढंच औषध घालू. अन् पिशवीत भरून तुझ्या पद्धतीनं धू. अगदी रोज करतेस तसं."

मी तसंच केलं. दोन दिवसांनी आकडे आले. परक्या कुत्र्यानंही हार्मोन अडवलं होतं, तितकंच. म्हणजे अडवत होतं ते कुत्रं नव्हतंच. पेशी विषानं अर्धमेल्या झाल्या होत्या.

"सुमन, पाणी कसं बदलतेस? करून दाखव."

मी करून दाखवलं. पहिलं भांडं ओतलं कॅनमध्ये. तिसऱ्या वेळी कॅन उचलला, आणि त्यांच्या चेहऱ्याकडं पाहून माझा हात तिथंच थांबला. मला कळलं. "मॅडम, निर्मळ दिसत व्हतं वो. फेकवलं न्हाय."

त्या ओरडतील म्हणून मी अंग चोरून उभी होते. त्या ओरडल्या नाहीत. माझ्या हातातून कॅन घेतला, औषधाच्या कचऱ्याच्या पिंपात रिकामा केला आणि म्हणाल्या, "फेकवलं नाय. कसं फेकवेल? ज्याला फेकवतं त्यानं लॉनवर फेकलं."

त्याच दुपारी त्या साहेबांकडं गेल्या. मलाही बरोबर नेलं. साहेबांच्या टेबलावर छापायच्या बातमीचा कागद आधीच येऊन पडला होता. मॅडमनी सगळं सांगितलं. हे आकडे चुकीचे आहेत, कार्यक्रम पुढं ढकला, मी नव्यानं करते. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, पहिल्यांदाच.

"म्हणजे या बाईनं पाणी बदललं नाही, एवढंच ना?"

"बदललं. पण पाणीच नव्हतं, साहेब."

"मग सोपं आहे. बाईला काढा. आकडे राहू द्या."

मॅडम खुर्चीतून उठल्या. आवाज वाढवला नाही. एकेक शब्द सात पाण्यांनी धुतल्यासारखा.

"उलट करू, साहेब. बाई ठेवा, आकडे काढा."

"कुणाची तरी चूक कागदावर यायला हवी, मॅडम. कळतंय ना तुम्हाला?"

"येईल की. माझी येईल. देखरेख माझी होती. पाचदा बदललं का विचारलं, कसं बदललं ते बघितलं नाय. लिहून देते, सहीनिशी. त्याच कागदावर लॉनचंही लिहिते."

तो कागद मी पाहिलाय. साहेबांनी घेतला, घडी घातली, खणात ठेवला. कार्यक्रम झाला. गवत हिरवंगार होतं. पाहुण्यांनी साहेबांना हार घातला, तोच फोटो पुढं बातमीत छापून आला. मॅडम त्या दिवशी वर प्रयोगशाळेत होत्या. सुट्टीच्या एका दिवशी त्यांनी गंगापूरहून भावाच्या जीपमधून घरच्या विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून आणलं होतं. खाली टाळ्या वाजत होत्या आणि आम्ही दोघी डिस्टिलचं यंत्र चालवत होतो.

या वेळी पाण्याचं भांडं मोरीवर धरून त्या म्हणाल्या, "ओत." मी ओतलं. डोळे मिटून ओतलं. "एक," त्यांनी मोजलं. विहिरीचा तळ गाठून आणलेलं पाणी आणि मी ते मोरीत सोडत होते. असं पाचही वेळा.

खरे आकडे आले ते लहान होते. मॅडमकडं दोन तऱ्हेच्या अँटीबॉडी होत्या. एकीनं हार्मोनला थोडं अडवलं, थोडंच. दुसरीनं काय केलं असेल? ती बसल्यावर हार्मोन आधीपेक्षा जरा जास्तच चिकटलं! मॅडमनी परत केलं, परत तेच. मग त्या आठवीतल्या पोरीसारख्या उड्या मारायला लागल्या. "सुमन! तोंडापाशी उभं राहिलं गं कुत्रं! मेंढी थबकली! तू म्हणाली होतीस!" त्या हाराच्या कार्यक्रमात एकही माणूस इतका खूश नव्हता.

त्यांनी शोधनिबंध लिहिला. पहिली चूक, तिचं कारण, मग खरे आकडे. छापायला पाठवायचं तर साहेबांची परवानगी लागत होती. साहेबांनी ती दिली नाही. संस्थेच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे म्हणाले. महिनाभरात मॅडमच्या हाती पत्र आलं. देखरेखीत कसूर, स्वतःच्या सहीची कबुली. प्रयोगशाळा काढून घेतली, भांडाराच्या नोंदी सांभाळायला बसवलं. आपल्या काळ्यांना रोज खाऊ घालणारी बाई खोकी मोजायला! काही महिने काढून त्या स्वतःच सोडून गेल्या. मागं उबेचं कपाट बंद झालं, पेशी मेल्या. त्या खोलीत आता पाहुण्यांसाठी सोफे आहेत.

लोक म्हणतात, मेंढपाळाची पोर, संस्थेत कायम झाली, नशीब काढलं. नशीब नव्हे. बाई राहिली, आकडेही राहिले, गेल्या त्या मॅडम. माझ्या महिन्याच्या भाकरीत त्यांच्या सहीचा घास आहे, आणि तो अजून घशाखाली उतरत नाही. आभार कसे मानायचे असतात मला माहीत नाही. राग कसा करायचा ते मात्र त्यांनी शिकवलं.

जायच्या दिवशी त्या चौकटीसमोर थांबल्या होत्या. मी म्हटलं, "मॅडम, मी ही काच पुसनार न्हाय. धूळ बसूंदे हिच्यावर."

"पागल! पुसायची. रोज पुसायची. काच स्वच्छ पाहिजे. खोटं कधीतरी कुणीतरी नीट वाचलं पाहिजे ना." आणि निबंधाची एक प्रत माझ्या हातात दिली. इंग्रजी मला येत नाही. पण शेवटच्या पानावर त्यांनी बोट ठेवलं, तिथं माझं नाव होतं, आडनावासकट. पाण्यातली चूक हिनं करून दाखवली म्हणून सापडली, असं लिहिलंय म्हणाल्या. ती प्रत माझ्या ट्रंकेत आहे, लुगड्यांच्या खाली. खोटं चौकटीत आणि खरं ट्रंकेत, असं आमच्या संस्थेत आहे.

त्यानंतर त्या एकदाच दिसल्या. ऐन उन्हाळा होता, मी शेअर रिक्षात कोंबून क्रांती चौकातून चालले होते. सिग्नल लागला. त्याच टपरीवर पाठमोऱ्या उभ्या, तेच पुरुषी सँडल, केस पार पांढरे झालेले. हाक मारावी म्हणून तोंड उघडलं, पण मध्ये पाण्याचा टँकर येऊन उभा राहिला. तो सरकला तेव्हा टपरीवाल्यानं त्यांच्या पुढ्यात ग्लास धरला होता. त्यांनी तो घेतला, उन्हाला धरला, चष्मा वर करून आत पाहिलं. मग मान हलवली आणि ग्लास परत त्याच्या हातात दिला.

टपरीवाला कुरकुरत वाकला आणि ग्लास पुन्हा धुवायला लागला. रिक्षा सुटली. मी मागं वळून मोजत राहिले.